आधीच लावलेल्या चिठ्ठ्या

पायाला भिंगरी लागलेली म्हणून दवाखान्यात त्या सिस्टरचं नावच भिंगरी पडलं होतं. तान्ह्या मुलांच्या छातीच्या आजारांवर दोन शहरांतली दोन रुग्णालयं मिळून अभ्यास करत होती, आणि इकडचे नमुने गोळा करायचं काम तिच्याकडे होतं. दर मंगळवारी घरोघरी जायचं, बाळाच्या नाकात कापसाची काडी फिरवायची, ती नळीत घालायची, नळीवर बाळाच्या क्रमांकाची चिठ्ठी लावायची आणि नळी बर्फाच्या पेटीत ठेवायची. चिठ्ठी आईच्या डोळ्यांसमोर, नमुना घेतल्यावरच लावायची, असा नियम होता. भिंगरीला तो कधी पटला नाही. एका हातात किंचाळणारं बाळ आणि दुसऱ्या हाताच्या बोटाला चिकटलेली चिठ्ठी, हे नियम लिहिणाऱ्यांनी एकदा तरी करून बघावं! ती सकाळीच सगळ्या नळ्यांना चिठ्ठ्या लावायची, घरांच्या क्रमानं पेटीत रचायची आणि सुटायची.

दुसऱ्या शहरात हेच काम करणारी सिस्टर मात्र नियमाच्या बाहेर पाऊल टाकत नसे. भिंगरीनं तिचं नाव ठेवलं होतं फूटपट्टी. गेल्या महिन्याच्या बैठकीत त्या बाईनं पडद्यावरून, सगळ्यांच्या देखत विचारलं होतं, "तुमच्याकडे चिठ्ठ्या आधीच लावतात म्हणे. खरं का?" भिंगरीनं कानावर हात ठेवले होते, आणि नंतर आठवडाभर तिला मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या.

आज दुपारी ती शिवणकाम करणाऱ्या बाईकडे आली होती. त्या बाईच्या बाळाला, म्हणजे एक्केचाळीस क्रमांकाला, डांग्या खोकला निघाला होता. डॉक्टरांनी कालच औषध सुरू केलं होतं. बाळ मात्र कापडांच्या ढिगाशेजारी उताणं पडून स्वतःच्या पायाचा अंगठा चोखत होतं.

"खोकला किती वेळा येतो?" भिंगरीनं वही उघडली.

"येतो कुठे? एकदासुद्धा नाही. मंगळवारी मला घरी यायला उशीर झाला, तर तुम्ही आधी पलीकडे जाऊन आलात ना, तेव्हाही असाच ठणठणीत होता. नसतं औषध पाजायचं माझ्या अगदी जिवावर येतंय, सिस्टर."

भिंगरीनं वही मिटली. पलीकडे म्हणजे ड्रायव्हरची बायको, तिचं बाळ बेचाळीस. मंगळवारी शिवणवालीच्या दाराला कुलूप बघून ती थांबली नव्हती. थांबणं तिच्या रक्तातच नव्हतं. पेटीतली वरची नळी उचलून ती पलीकडे शिरली होती, आणि वरची नळी एक्केचाळीसची होती. मग परत येऊन शिवणवालीच्या बाळाला उरलेली बेचाळीसची वापरली होती.

"संध्याकाळचा डोस देऊ नका. डॉक्टरांशी बोलून मी फोन करते," एवढं कसंबसं सांगून ती पलीकडे धावली.

तिथे आता कुलूप होतं. कुलूप बघताच तिला कालचा फोन आठवला. बाळाला जरा सर्दी आहे, माहेरी नेऊ का, असं ड्रायव्हरच्या बायकोनं विचारलं होतं. "रिपोर्ट साफ आहे. खुशाल जा," असं भिंगरीनंच सांगितलं होतं. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

बाळ दोन महिन्यांचं. एवढ्या लहान बाळाला या आजारात खोकला येतोच असं नाही, कधी कधी श्वासच थांबतो. हे तिनंच आयांना शंभरदा बजावलं होतं. ती जिना उतरली, पुन्हा चढली, पुन्हा उतरली. ड्रायव्हरच्या बायकोचा फोन बंद. डॉक्टरांचा फोनही बंद, कारण अभ्यास पुढे चालवायचा की नाही हे ठरवायला दोन्ही रुग्णालयांची बैठक आत्ताच सुरू होत होती. माहेरचा पत्ता मात्र वहीत होता. माहेर फूटपट्टीच्या शहरात होतं.

तिनं फोन लावला. "काय, कसं काय चाललंय?"

"बैठकीला निघालेय. काम बोला."

"नाही, म्हटलं, तुमच्याकडे एक बाळ आलंय. जमलं तर सहज एकदा बघून..."

"ताकाला जाऊन भांडं काय लपवता? झालंय काय?"

भिंगरीनं डोळे मिटले. "नळ्यांची अदलाबदल झाली. डांग्या खोकला त्या बाळाला आहे आणि औषध दुसऱ्यालाच चाललंय. चिठ्ठ्या मी आधीच लावल्या होत्या."

आता ही बाई आपल्याला सोलून काढणार, म्हणून ती जीव मुठीत धरून उभी राहिली.

"पत्ता सांगा."

"तुमची बैठक..."

"पत्ता, बाई!"

मग ती रुग्णालयात धावली. बैठकीच्या खोलीत पडद्यावर पलीकडची मंडळी दिसत होती आणि एक खुर्ची रिकामी होती. तिचे डॉक्टर मोठ्या अभिमानानं सांगत होते, "आमच्या बाजूनं आजवर नमुन्यांत एकही चूक नाही."

"आहे, सर," ती दारातूनच म्हणाली, आणि धापा टाकत सगळं सांगून मोकळी झाली. डॉक्टरांचा चेहरा खर्रकन उतरला. त्यांनी आधी शिवणवालीला फोन करून औषध थांबवलं, मग भिंगरीच्या हातून गेलेले सगळे नमुने बाजूला काढायला सांगितले. सगळे म्हणजे सात महिन्यांचे. ती बाहेर येऊन व्हरांड्यात येरझारा घालत राहिली.

तासाभरानं फोन वाजला.

"सापडलं," फूटपट्टी म्हणाली. तिलाही दम लागला होता. "आजीला वाटलं झोपलंय. ओठ निळे पडले होते. आमच्याकडे आणलंय, ऑक्सिजन लावलाय, औषध सुरू केलंय. डॉक्टर म्हणतात वेळेत आलं, पण दोन दिवस काही सांगता येणार नाही."

भिंगरीला रडूच फुटलं. "तुमचे उपकार कसे..."

"ते राहू द्या. आई विचारतेय, रिपोर्ट तर साफ होता ना? मी काही बोलले नाहीये. ते तुमचं तुम्ही सांगा. फोन देतेय तिला."

"आत्ता?"

पण फोन तिकडे हातात गेलाही होता. "सिस्टर? तुम्हीच यांना पाठवलंत ना? देवासारख्या धावून आलात हो. तुमच्यामुळे वाचलं माझं लेकरू."

भिंगरीचे पाय जागच्या जागी थांबले. हो म्हणून फोन ठेवून देणं किती सोपं होतं.

"ताई, आभार मानू नका," ती म्हणाली. "आधी माझं ऐका. तुमच्या बाळाच्या नळीवर दुसऱ्याच बाळाची चिठ्ठी होती. ती मीच लावली होती."

पलीकडून नुसता बाळाच्या खोकल्याचा आवाज येत राहिला, आणि भिंगरी फोन कानाला लावून तिथेच उभी राहिली.