एकेचाळिसावी ओळ

पाळकसाहेब तुरुंगाच्या लहान दारातून वाकून बाहेर आले, तेव्हा रस्त्यापलीकडच्या बाकावर त्यांची बायको वही उघडून, पेन्सिल धरून तयारच होती. भिंतीला टेकून उभे असलेले कैद्यांचे नातेवाईक गप्प झाले. पाळकसाहेब बाकावर येऊन बसेपर्यंत त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही, हे चार वर्षांत सगळ्यांच्या अंगवळणी पडलं होतं.

आत कागद नेता येत नसे आणि बाहेर आणताही येत नसे. गावातल्या ख्रिस्ती मंडळीचे पाळक म्हणून आठवड्यातून एकदा त्यांना कैद्यांच्या प्रार्थनेला सोडत, तेवढंच. पण सव्वीस वर्षं त्यांनी प्रवचन गाऊन केलं होतं. गाऊन केलेलं प्रवचन ज्यानं मन लावून ऐकलंय त्याला ठाऊक असतं, चालीत बसलेली गोष्ट माणूस विसरू म्हटलं तरी विसरत नाही. म्हणून खटल्याविना डांबलेली माणसं प्रार्थनेच्या आवाजात आपलं नाव आणि धरल्याची तारीख पुटपुटत, पाळकसाहेब ती एकेका ओळीत बसवत आणि बाहेर येऊन बाकावर गात. बायको उतरवून घेई. या कैद्यांसाठी लढणाऱ्या एक वकीलबाई ती यादी न्यायालयात देत. नाव यादीत आलं की तो माणूस सहसा नाहीसा होत नसे.

हे मंडळीच्या पंचांना जड जाऊ लागलं. त्यातले वडीलधारे पंच घरी येऊन, चहा घेऊन, फार मऊपणे म्हणाले होते की साहेब, तुमचं गाणं ऐकून आमचे डोळे भरून येतात, पण या याद्या आता आमच्या गळ्याशी येताहेत. व्यासपीठ ठेवा नाहीतर याद्या ठेवा. पाळकसाहेबांनी आठ दिवस मागितले. मंडळीनं दिलेलं घर सोडावं लागणार हे ओळखून बायकोनं तिसऱ्या दिवशीच भांडी बांधायला काढली.

“इतकी वर्षं मी तुमचं ऐकलं,” ती म्हणाली, “आता एकदा तुम्ही स्वतःचं ऐका.”

पाळकसाहेबांनी व्यासपीठ सोडलं. व्यासपीठ गेलं म्हणजे आत जायचा परवानाही गेला. आजची फेरी शेवटची होती.

ते बाकावर बसले आणि गाऊ लागले. पंधराव्या ओळीला भिंतीजवळची शिंपीणबाई खाली बसली. ती ओळ तिच्या भावाची होती. चाळिसावी ओळ झाली आणि पाळकसाहेब थांबले.

“किती झाले?”

“चाळीस.”

“एकेचाळीस होते.”

शेवटचा माणूस स्वयंपाकी होता. त्याच सकाळी कुठून तरी आणलेला, डाव्या मनगटावर भाजल्याचा जुना डाग. त्याचं नाव लांबलचक होतं, चालीत काही केल्या बसेना. मग पाळकसाहेबांनी ते तसंच ओठांवर घेतलं. बाहेर पडल्यावर सगळ्यांत आधी तेच सांगू म्हणाले. दाराशी म्हाताऱ्या पहारेकऱ्यानं त्यांचा कोपर धरला. चार वर्षं तो त्यांची झडती घेत आला होता आणि कधी वाकडा शब्द बोलला नव्हता. म्हणाला, पुढच्या आठवड्यापासून तुम्ही नाही म्हणे, आमच्या आईला तुमचं गाणं फार आवडतं. पाळकसाहेबांनी आईला नमस्कार सांगायला सांगितलं. बोलणं झालं ते एवढंच.

त्यांनी पहिल्या ओळीपासून पुन्हा गायलं. मग पुन्हा एकदा. बायकोनं पाण्याची बाटली पुढे केली, ती त्यांनी हातात नुसती धरून ठेवली.

“त्यानं दोनदा सांगितलं मला,” ते म्हणाले. “विचारलं, राहील ना लक्षात? मी म्हटलं, राहील.”

बायकोनं वहीत एकेचाळीस आकडा घातला आणि पुढची ओळ कोरी सोडली.

वकीलबाईंनी त्या ओळीत स्वयंपाकी आणि मनगटावरचा डाग एवढं लिहून यादी दिली. तुरुंगाचे अधिकारी नोंदवही घेऊन आले. तीत चाळीसच होते. सात-आठ महिन्यांत ते चाळीसही न्यायालयापुढे आले, शिंपीणबाईचा भाऊ घरी जाऊन मशीनवर बसला. स्वयंपाक्याचं नाव त्यांच्यातल्या एकालाही माहीत नव्हतं. दाराशीही त्याची चौकशी करायला कुणी आलं नाही.

पुढे पाळकसाहेबांचं नाव झालं. वर्तमानपत्रात त्यांना मानवी हक्कांचे कार्यकर्ते म्हणू लागले. बायकोनं ते मोठ्यानं वाचून, हे गृहस्थ कोण, असं विचारलं होतं. सभांना बोलावणी येत, ते जात. पण गुरुवार, तुरुंगातल्या भेटीचा दिवस, त्यांनी कुणाला दिला नाही. गुरुवारी ते नातेवाइकांच्या रांगेत उभे राहात.

“कुणाला भेटायचंय?” खिडकीतला कारकून दर वेळी नव्यानं विचारी.

“एक स्वयंपाकी आहे. डाव्या मनगटावर भाजल्याचा डाग.”

“नाव?”

“माझ्याकडे ठेवायला दिलं होतं त्यानं.”

“नाव नाही तर कसं शोधायचं, साहेब? मागच्याला पुढे येऊ द्या.”

ते बाजूला होत आणि रस्ता ओलांडून परत येत. बाकावर बायको वही त्याच पानावर उघडून, पेन्सिल धरून बसलेली असे. भिंतीजवळ आता नवी माणसं उभी असत, त्यातल्या बऱ्याच जणांनी त्यांना गाताना कधी ऐकलंही नव्हतं. पण ते बाकापर्यंत येऊन बसेतो कुणी त्यांच्याशी बोलत नसे.