बेंजो पार्टीचं रेकॉर्डिंग

माइक जड असला की चांगला, हे ताशेवाल्या धनाजीचं ठाम मत. नसरापूरच्या स्पीकरच्या दुकानात त्याने एकेक माइक तळहातावर तोलायला सुरुवात केली, तेव्हा अश्विनीला वाटलं, आता हा बैलासारखे त्याचे दातही मोजून बघणार.

"गोरखभाऊ, ह्योच घ्या. ह्याला वजन हाय."

गोरखभाऊंचं, म्हणजे अश्विनीच्या वडिलांचं, तिकडे लक्षच नव्हतं. ते निळे दिवे लुकलुकणाऱ्या एका खोक्यापुढे उभे होते. "आशे, ह्यात एको हाय बघ."

"पप्पा, त्यो वाढदिवसाला गाणी म्हणायचा डबा हाय. आपल्याला लॅपटॉपवर रेकॉर्डिंग करायचंय."

गोरखभाऊंच्या वेल्ह्यातल्या या बेंजो पार्टीला यंदा एकही वरात मिळाली नव्हती. सगळीकडे डीजे. सारोळ्याच्या चिमाजीरावांनी तेवढं म्हटलं होतं, आधी ऐकवा, मग पोराच्या वरातीचं ठरवू. ही वरातही हुकली तर ढोलवाले कुंडलिककाका शिवऱ्याच्या कंपनीत वॉचमन होणार होते, आणि ढोल गेला की पार्टीत उरतं काय? बेंजो आणि ताशा. त्यावर कुत्रंसुद्धा नाचणार नाही.

तज्ज्ञ म्हणून भोरहून प्रद्युम्न आला होता, अश्विनीच्या कॉलेजातला. "किमान आठ चॅनेल हवेत," तो म्हणाला. "प्रत्येक वाद्याला स्वतंत्र माइक. शिवाय खोलीची ट्रीटमेंट, म्हणजे आवाज घुमणार नाही." रेकॉर्डिंगवरचे जगातले सगळे व्हिडिओ त्याने पाहिले होते. स्वतः मात्र अजून एकही रेकॉर्डिंग केलं नव्हतं, कारण योग्य सामान मिळालं नव्हतं. असल्या माणसाला कधी मिळतही नाही.

अश्विनीने कुणालाच विचारलं नाही. लॅपटॉपला जोडायचा दोन भोकांचा साधा डबा घेतला, ढोल सोसेल असा एक दणकट माइक घेतला, स्टँड आणि वायर घेतली. एका भोकात पप्पांचा बेंजो थेट तारेने, दुसऱ्यात माइक. धनाजीने माइक तोलून नाक मुरडलं. प्रद्युम्नने न तोलताच मुरडलं.

घरी भिंतींना गाद्या टांगल्या, पंखा बंद केला आणि सगळ्यांना बसवलं. तर कुंडलिककाकांचा ढोल बसला तो बसलाच. ठेका चुकतोय, हात अडखळतोय.

"काका, काय झालं?"

"बसून जमंना, पोरी."

"ढोल हातानं वाजवता का पायानं?"

"पायानं," काका अगदी गंभीरपणे म्हणाले.

अश्विनीने कपाळावर हात मारला. पण खोटं काय होतं त्यात? बेंजो गाड्यावर असायचा, पप्पा त्याच्यामागे उभे. ढोल-ताशा मात्र जन्मभर वरातीपुढे चालत आलेला. मग तिने माइक खोलीच्या मधोमध उभा केला आणि दोघांना अनवाणी त्याच्याभोवती फिरायला लावलं. प्रद्युम्न दात काढून हसला. "हे कुठल्याच व्हिडिओत नाही हं."

"मग तू काढ व्हिडिओ. गप बस आन् काढ."

दुसऱ्या फेरीला काकांचे खांदे हलू लागले, ढोल सुटला, त्याच्या अंगावर ताशा चढला आणि वर पप्पांचा बेंजो असा बोलायला लागला की हेडफोन लावलेल्या अश्विनीचे डोळे भरून आले. या येड्यांचा तिला अभिमान वाटत होता, आणि त्याचाच तिला भयंकर राग आला.

संध्याकाळी रेकॉर्डिंग चिमाजीरावांना पाठवलं. थोड्याच वेळात त्यांचा फोन आला. पप्पांनी स्पीकर लावला आणि हात पुसून उगाच सरळ उभे राहिले. कुंडलिककाका आतल्या खोलीत गाद्या उतरवत होते.

"गोरखराव, लई भारी! आवाज कसा काचंवानी! पोरांनी ऐकलं, हितंच नाचायला लागली."

"मग येतो की आमी," पप्पा म्हणाले.

"न्हाई, न्हाई, तुमी कशाला तरास घेता? हेच टेम्पोवरच्या स्पीकरला लावतो. एवढं झकास वाजतंय, माणसं कशाला लागत्यात? तुमी जेवायला या समदे. नक्की या, बरं का!"

अश्विनी पप्पांकडे पाहत राहिली. चार शिव्या घालतील, निदान नाही म्हणतील. पप्पा म्हणाले, "व्हय, येतो की. मेहेरबानी."

फोन ठेवला. आपण आवाज इतका स्वच्छ का धरला, असं तिच्या मनात आलं. धनाजीचा जडशीळ माइक घेतला असता, पप्पांचा एको घेतला असता, तर त्या माणसाला ढोल ऐकायला ढोलवाला बोलवावा लागला असता. तिला स्वतःच्या हुशारीची किळस आली.

गादी खांद्यावर टाकून कुंडलिककाका दारात आले. "बोलावलं न्हवं सारोळ्याला? म्या ऐकलं की! शिवऱ्याच्या सायबाला आत्ताच कळवतो, येत न्हाई म्हणून."

त्यांनी गादी खाली टाकली आणि खिशातून मोबाईल काढला. धनाजी जमिनीकडे बघत होता. पप्पा बेंजोची तार गुंडाळत बसले, गुंडाळून झालेली पुन्हा सोडत होते. दिवसभर सगळ्यांना बोलत आलेल्या अश्विनीलाच शेवटी बोलावं लागलं.

"काका, फोन करू नका. जेवायला बोलावलंय. नुसतं जेवायला."