मागं वळणारा खेळ

कर्र करून पंखा हलला आणि दुपारची शांतता मोडली. लाइट आली! धनलक्ष्मीनं मांडीवरचं शिवकन्याचं डोकं अलगद उशीवर सरकवलं आणि ती कॉम्प्युटरपुढं जाऊन बसली. लेक उठायच्या आत होईल तेवढं काम आपलं.

शिवकन्याच्या वेळी हैदराबादची नोकरी सोडून ती ठाणाकुशनूरला माहेरी आली, ती इथंच राहिली. नवरा महांतेश तिकडं लिफ्ट बसवायच्या कामावर. चौघांत एक खोली करून राहायचा. आता जुन्या कंपनीचा मालक लिंगराज म्हणाला होता, बटणाच्या फोनवर चालंल असा एक खेळ करून दाखव. पसंत पडला तर कामावर घेतो, खेळ बनवणाऱ्यांची मुख्य म्हणून.

खेळ सरळ होता. घोंगडी पांघरलेली एक पोरगी डावीकडून उजवीकडं पळायची. ओढ्यावरून उडी, दगडावरून उडी, लांडग्याला हुलकावणी, आणि वाटेत दिसतील ती कोकरं गोळा करायची. लहानपणी बीदरला काकाच्या टीव्हीला जोडून धनलक्ष्मीनं असलेच खेळ खेळले होते. पडदा पुढं सरकला की मागची वाट मिटायची. तिनंही तसंच केलं होतं.

"अव्वा, जरा खेळून बघ," तिनं फोन आईच्या हातात दिला. "हे दाबलं की पळायलीय बघ."

अनसाबाईचं अर्धं आयुष्य मेंढरांमागं रानोमाळ गेलेलं. तिनं ओढा झोकात ओलांडला. पण एक कोकरू अलीकडंच राहिलं आणि पडद्याच्या कडेला नाहीसं झालं. अनसाबाईनं पोरीला मागं वळवलं. पोरगी कडेला धडका देत राहिली. तोवर लांडगा आला आणि खेळ संपला.

"म्होरं जायाचं की अव्वा!"

"कशाची म्होरं? कोकरू मागं ऱ्हायलंय न्हवं!"

"ऱ्हाऊ दे ते. म्होरं लई हायेत."

"ऱ्हाऊ दे?" अनसाबाईनं फोन खाटेवर ठेवला. "एक जरी टाकून आली असतीस तर तुज्या अप्पानं दारात उभं केलं असतं काय? धनगराची लेक म्हनं!"

धनलक्ष्मी हसायला गेली, पण हसू अर्ध्यातच राहिलं. तिनं अंगणात जाऊन लिंगराजला फोन लावला.

"मागची वाट ठेवायला फोनात जागा कुठाय, अक्का?" तो म्हणाला. "फोन हाय, गोदाम न्हाई."

"जागा मी काढते."

"न्हाईच निघाली तर?"

"निघंल. माझ्या खेळातली पोरगी मागं वळणार."

आणि तिनं जागा काढली. बाभळीच्या शेंड्याचं एकच चित्र ठेवलं. तेच पांढरं केलं की ढग, काळं केलं की दगड. भाकरी तव्यावर टाकताना तिच्या डोक्यात पोरगी पळत असायची. लाइट गेली की ती मनातल्या मनात जुळवायची, आली की बोटांनी उतरवायची. अखेर पोरगी वळली. ओढ्याअलीकडं कोकरू होतं तिथंच उभं होतं.

"अक्का, काय करून ठेवलंस?" लिंगराजचा फोन आला. "हापिसातली पोरं कामं सोडून कोकरामागं पळायलीत. सोमवारी हजर हो."

पुढं कैक वर्षं उदगीर-बीदर गाडीत कुणाच्या ना कुणाच्या हातात तो मेंढरांचा खेळ दिसायचा. टचचे फोन आले तरी काहींनी त्याच्यासाठी जुना फोन जपला. पण हे सगळं नंतरचं.

रविवारी धनलक्ष्मीची पिशवी भरून दाराशी होती. शिवकन्या खाटेवर फोन घेऊन बसलेली.

"बाळा, मी म्होरं जाते, खोली बघते. मग तुला न्यायला येते. तोवर अव्वापाशी ऱ्हायचं."

शिवकन्यानं मान वर केली नाही. तिचं एक कोकरू मागं राहिलं होतं. तिनं पोरीला वळवलं, ओढ्यावरून उडी मारली, कोकरू खांद्यावर घेतलं.

"आई, ही लगेच वळती न्हवं?"

"व्हय. एकच बटण दाबायचं."

शिवकन्यानं फोन बाजूला ठेवला आणि आईच्या हाताची बोटं एकेक करून दाबून बघितली.

"मग तुला मागं वळवायचं बटण कंचं?"