मोरीकडचा उतार

दूध दुसऱ्यांदा नासलं, तेव्हा लेकीने माळ्यावरून माझी सूटकेस खाली काढली.

"आई, आज फ्रिजचं दार उघडं टाकलंस, उद्या गॅस उघडा टाकशील. आता एकटं राहणं पुरे. आमच्याकडे चल."

"अगं, मी लावते दार."

"मग उघडतं कोण? भूत?"

राग आला, पण खरंच, उघडतं कोण? ती आणि जावई आतल्या खोलीत कपाट आवरायला गेल्यावर मी मटारची टोपली घेऊन फ्रिजसमोर खुर्ची टाकली. दार ढकललं, हात सोडला. ते लागल्यासारखं झालं, थबकलं आणि हळूच माझ्या गुडघ्याला येऊन टेकलं.

पूर्वी दोन्ही हातांत भांडी असली तरी कोपराचा धक्का पुरायचा. दार आपलं आपण लागायचं. मग बदललं काय? फक्त जागा. मी ओल्यात घसरू नये म्हणून गेल्या महिन्यात लेक-जावयांनी फ्रिज मोरीजवळच्या भिंतीपासून समोरच्या भिंतीला नेला होता.

मटार सोलता सोलता एक दाणा निसटला. फ्रिजच्या पायाशी पडला आणि घरंगळत थेट मोरीत गेला. मी मुद्दाम दुसरा टाकला. तोही त्याच वाटेने गेला.

आणि मला आमचे हे आठवले. घर नवं होतं, फरशी नुकतीच बसली होती. ह्यांनी तांब्याभर पाणी ओतलं आणि उकिडवे बसून ते मोरीकडे जाताना बघत राहिले. "बघ, थेंब साचणार नाही!"

"स्वयंपाकघर आहे, धरण नाही," मी म्हणाले होते.

सारा संसार त्या उतारावर केला आणि उतार विसरूनही गेले. जुन्या जागी फ्रिज पाठीकडे रेलायचा. आता तो तोंडाकडे झुकला होता.

दोघांना हाक मारून उतार दाखवला. जावयांनी फ्रिजवर पाण्याची ताटली ठेवली. पाणी पुढच्या काठाशी गोळा झालं.

"आई म्हणतात ते खरं आहे," ते बायकोला म्हणाले.

"तुम्ही नेहमी तिच्याच बाजूने!"

आधी प्लग काढला, ताटली आणि दारातल्या बाटल्या उतरवल्या. जावयांनी फ्रिज किंचित मागे रेलवून घट्ट धरला. लेक पाना घेऊन जमिनीवर आडवी झाली.

"बोटं खाली घालू नकोस!" मी ओरडले.

"कळतं गं मला!"

पाना फिरेल तसा पुढचा पाय लांब होत गेला. आधी उजवा, मग डावा. फ्रिज खाली टेकवून हलवून पाहिला. डगमगत होता. डावा पाय अजून थोडा सोडला, तेव्हा चारी पाय बसले.

"अगदी सपाट नको हं. कणभर मागे असू दे," मी म्हणाले.

दोन्ही पाय आणखी कणभर सोडून ताटली पुन्हा वर ठेवली, तेव्हा पाणी जरासं मागे सरकलं. लेकीने दार अर्धं उघडून सोडलं. ते सावकाश गेलं आणि हलकेच चिकटलं. तिने पुन्हा उघडलं, पुन्हा सोडलं. लहानपणी दिव्याच्या बटणाशी असंच खेळायची.

"मग दूध नासवलं कोणी?"

"तुझ्या बाबांनी."

ती हसत सुटली, मग सूटकेसमधले माझे कपडे बाहेर काढू लागली. मी स्टूल माळ्याखाली ओढलं.

"तू चढायचं नाहीस! एवढं तरी ऐक माझं."

एवढं मात्र मी ऐकलं.