खाटेभोवतीचा हिरवा पडदा

मी पडदा बोलतोय. नाटकातला मखमली नव्हे. जालन्याच्या एका दवाखान्यातला, तीन घड्यांचा, हिरव्या कापडाचा. माझी हाडं जालन्याच्याच लोखंडाची. पायांना चाकं आहेत आणि त्यातलं एक जन्मापासून कुरकुरतं. तेल घालू म्हणणारे पुष्कळ भेटले, घातलं कुणीच नाही.

सुरुवातीला मी नर्सिंग कॉलेजात होतो. तिथं माझ्याआड प्लॅस्टिकच्या पेशंटला आंघोळ घालायला शिकवत. तो गडी कधी लाजला नाही, पण मुली इमानेइतबारे मला ओढून घेत. पुढं मला बायकांच्या वॉर्डात धाडलं आणि माझं नशीब फिरलं. कुणाची शेवटची घटका आली की मला त्या खाटेभोवती उभं करायचे. त्यामुळं माझं चाक कुरकुरलं की साऱ्या वॉर्डाचा घास घशात अडकायचा. मी कुणाचं काय घोडं मारलं होतं? पण बदनाम झालो तो झालोच.

एकदा परतूरच्या अकबरबी आल्या. पडून खुबा मोडलेला. ऑपरेशन झालं नसतं तर पुन्हा पायावर उभं राहणं नव्हतं. त्यांची देखभाल सत्यशीलाकडे होती. ही तीर्थपुरीची विद्यार्थिनी. रुग्णाच्या आध्यात्मिक गरजांचा धडा तिला तोंडपाठ. ऑपरेशनच्या सकाळी अकबरबींचे ओठ हलताना तिनं पाहिले. चाचींना नमाज पढायची असेल, एवढ्या माणसांत कशी पढतील, म्हणून बाईसाहेब मला घेऊन लगबगीनं निघाल्या. चाचींना मात्र विचारलंच नाही.

मी कुरकुरत खाटेशी पोचलो आणि अकबरबी पांढऱ्याफटक पडल्या.

"तौफिक!" त्यांनी लेकाला हाक मारली. "मेरा परदा आ गया रे! मेरेकू घरकू ले चल. मरना तो परतूर में मरूंगी."

शेजारच्या खाटेवर धावड्याच्या आसराबाई होत्या, त्यांनी डोळ्याला पदर लावला. ऑपरेशनला न्यायला स्ट्रेचर दारात आलेलं आणि चाची म्हणतात, न्हाई म्हंजे न्हाई!

सत्यशीलाच्या तोंडचं पाणी पळालं. शिकवणाऱ्या मॅडम तिथंच होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "आधी विचारायचं असतं, सत्यशीला. मग आणायचं."

पोरीनं मला भिंतीशी ढकललं आणि खाटेपाशी बसली. "चाची, चुकलं माझं. तुम्हाला नमाज पढायची आसंल म्हणून आणल्ता. दुसरं काहीच न्हाई. तुम्हाला काय पाहिजे ते तुम्हीच सांगा."

अकबरबींनी तिच्याकडे मान वळवली. "पढायची हाय बेटी. पन हात-तोंड धुवून वजू कराया उठता येईना. अन् किब्ला कुन्या बाजूला, ते बी समजंना. अशीच गेले तं अल्लाला काय तोंड दाखवू?"

म्हणजे मरणापेक्षा ही धास्ती मोठी होती! पाण्याची वजू जमत नसेल तर स्वच्छ माती चालते, असं तौफिकनं सांगितलं आणि माती घेऊनही आला. त्यानंच काबेची, म्हणजे मावळतीची बाजू दाखवली. सत्यशीलानं त्या बाजूला खाट वळवली, चाचींची ओढणी नीट केली आणि हळूच विचारलं, "आता पडदा लावू का?"

"लाव."

आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाला हवासा झालो. माझ्याआड चाची पडल्या पडल्या मानेच्या इशाऱ्यानं नमाज पढल्या. तेवढा वेळ मी चाकाला हूं की चूं करू दिलं नाही. मला बाजूला केलं तेव्हा त्या हसत होत्या.

"चलो, अब जल्दी करो," त्या स्ट्रेचरवाल्याला म्हणाल्या.

घरी जाताना त्या वॉकर धरून, स्वतःच्या पायांनी माझ्यापाशी आल्या. "लई घाबरवलं व्हतं रे तू," म्हणत त्यांनी माझ्या कापडावरून हात फिरवला. मी तर फुगलोच.

आता आसराबाई रोज सकाळी हाक मारतात, "सत्यशीला, ते हिरवं आण माय. बिरोबाचा भंडारा लावून राह्यले, बाया बघतेत." कॉलेजच्या नव्या मुलींनाही मॅडम माझ्यासमोर उभं करून सांगतात, आधी विचारा.

परवा एक जण खरंच तेलाची बाटली घेऊन आला. आसराबाई खाटेवरूनच ओरडल्या, "राहू दे रे बाबा! त्याचा आवाज आला की बरं वाटतं."

आता तुम्हीच सांगा, मी कशाला तेल घालून घेऊ?