व्हॅनमधला पेट्रोलचा वास

माझी सून तृप्ती हिला सातवा महिना लागला होता. आमच्या जुन्या व्हॅनमध्ये बसली की पेट्रोलच्या वासाने तिला उलट्या व्हायच्या. दुसऱ्या दिवशी तिला माहेरी पोहोचवायचे होते आणि 'मी बसनेच जाते' म्हणून ती अडून बसली. गर्दीत तिला उभे राहावे लागले तर, याची मला धास्ती होती.

मी व्हॅन आमच्या दापोरा गावाहून शहरातल्या राजपुऱ्यात लोटू मिस्त्रीकडे नेली.

"वास कधी येतो, दादा?" त्याने विचारले.

"टाकी भरली की येतो. अर्धी झाली की जातो."

"मग गळती वरच्या बाजूला आहे."

त्याने टाकी पूर्ण भरली आणि तो विजेरी घेऊन गाडीखाली शिरला. पेट्रोल भरायची नळी टाकीला जोडलेली असते, तिथे ओल दिसली. तो खालूनच ओरडला, "अरे दादा, इथं केळीचं सोपट कोणी बांधलं?"

मीच बांधले होते. नळीचा पट्टा शेतात तुटला, तेव्हा केळीला टेकू बांधतो तसे खोडाच्या सालीचे ओले सोपट चार वेढे देऊन आवळले आणि विसरून गेलो. ते वाळून ढिले पडले होते.

"पेट्रोलपण घडासारखं बांधायला निघाले का?" लोटू हसला. त्याने नवी नळी टाकली आणि लोखंडी पट्टे आवळले.

घरी मी तृप्तीला माझी चूक सांगितली. ती व्हॅनमध्ये चढली आणि काचा लावून बराच वेळ बसून राहिली. मग खाली उतरून म्हणाली, "बाबा, उद्या खड्डे बघून चालवा."