ओठांना न लागलेला पेला

मी एक जुना पितळी पेला आहे, मित्रांनो. पाणीपुरवठा कचेरीच्या काचेच्या कपाटात बसून असतो. येणारे-जाणारे माझी चकाकी पाहतात आणि पुढे जातात. माझ्यात पाणी मात्र कोणी ओतत नाही.

फार पूर्वी गावाचे पाणी एका ठेकेदाराच्या ताब्यात होते. तो गावाला गढूळ पाणी पाठवी आणि स्वतः दूरच्या विहिरीचे आणवून पिई. शेवटी लोक चिडले. नगरपालिकेने पाणी आपल्या हाती घेतले आणि पहिल्याच सभेत एक नियम केला. जो अध्यक्ष होईल त्याने रोज सकाळी गाळणीघरात यायचे, टाकीच्या नळाचा पहिला पेला सर्वांदेखत प्यायचा आणि मगच गावाला पाणी सोडायचे. त्यासाठी कासाराने मला घडवले.

किती अध्यक्ष आले नि गेले. कोणाच्या मिशा माझ्यात बुडत, कोणी डोळे मिटून औषधासारखे पाणी घेई. पण पीत सगळे.

त्या अध्यक्षांत मला सर्वांत लाडके होते भाऊ. ते आपल्या नातीला बरोबर आणत. तिला सगळे चिमणी म्हणत. आजोबांचे पिऊन झाले की ती मला दोन्ही हातांनी धरून उरलेले पाणी पिई. एकदा मी तिच्या हातून निसटलो आणि माझ्या काठाला पोचा पडला. ती रडवेली झाली. भाऊ हसून म्हणाले, "असू दे गं. आता हा पेला आपला झाला. खूण आहे ना त्याच्यावर."

पुढे भाऊंचा व्याप वाढला. नवी कचेरी बांधायची होती, सकाळपासून बैठका असत. ते शिपायाला म्हणाले, "तू घेत जा रे माझ्या वतीनं."

शिपाई काही दिवस प्यायला. मग टाकीच्या भिंतीला बारीक तडा गेला आणि शेजारच्या गटाराचे पाणी आत झिरपू लागले. हे कोणालाच दिसले नाही. मला मात्र वास आला. शिपायालाही आला असावा, कारण त्याने एक घोट घेऊन तोंड वाकडे केले आणि उरलेले पाणी दारातल्या कुंडीत ओतले. दुसऱ्या दिवसापासून घोटही घेईना. कुंडीतले झाड तरारले. गाळणीघर झाडणारी मावशी त्याला म्हणायची, "काय रे, अध्यक्ष तू का ही कुंडी?" दोघेही हसत. शिपाई कचेरीत जाऊन सांगे, "घेतलं भाऊ, गोड आहे." भाऊ कागदातून मान वर न करता हुंकार देत.

मित्रांनो, मी रोज भरत होतो, पण कोणाच्या ओठांना लागत नव्हतो. आणि आम्हा भांड्यांना तोंड असले तरी बोलता येत नाही.

गावात पोटे बिघडू लागली, तसे घराघरांत लोक पाणी उकळू लागले. भाऊंच्या पत्नीनेही विचारले, आपण उकळूया का. त्यावर भाऊ काय म्हणाले, ते मावशीकडून कळले. ती त्यांच्या घरीही कामाला जाई. भाऊ म्हणाले होते, "अध्यक्षाच्याच घरी पाणी उकळायला लागले, तर लोकांनी विश्वास कशावर ठेवायचा? अगं, रोज सकाळी चव घेतली जाते."

त्या घरात पाणी उकळले नाही. चिमणी तापाने फणफणली. जुलाब थांबेनात. दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला होता.

त्यानंतर एका सकाळी भाऊ एकटेच गाळणीघरात आले. त्यांनी मला नळाखाली धरले, नाकाशी नेले आणि वास येताच पाणी ओतून टाकले.

"तू पीत होतास ना रे?" त्यांनी दारात उभ्या असलेल्या शिपायाला विचारले.

शिपायाची मान वर होईना. "तुम्ही विचारायचात भाऊ, मी हो म्हणायचो."

"मी तरी कुठं विचारत होतो," भाऊ म्हणाले. त्यांचा अंगठा माझ्या पोच्यावर होता. त्या दिवशी त्यांनी गावाचे पाणी बंद केले, टाकी रिकामी करवली आणि पद सोडले.

टाकी दुरुस्त झाली. नवे अध्यक्ष आले. त्यांनी मला मोठ्या मानाने नव्या कचेरीत आणले. उद्घाटनाच्या समारंभाला मी नीट दिसावा म्हणून कासाराला बोलावले. त्याने हलक्या हाताने ठोकून माझा पोचा काढून टाकला. फोटोसाठी माझ्यात बाटलीतले पाणी ओतले होते.

आता मी अगदी गुळगुळीत आहे. कधीकधी एक म्हातारे गृहस्थ येतात, काचेपलीकडून माझा काठ न्याहाळतात. त्यांना हवे ते सापडत नाही. तसेच परततात.

मित्रांनो, जे सगळ्यांचे असते ते दुसरे कोणीतरी पाहत असेल, असे समजू नका. तुमच्या गावाचे पाणी तुमचे आहे. त्याचा पहिला पेला पिणाऱ्याला विचारा, आणि विचारताना त्याच्या डोळ्यांकडे बघा. आणि जमले तर मला या कपाटातून काढून पुन्हा त्या नळाखाली ठेवा. एखाद्या मुलाच्या हातून पडलो तरी चालेल.